पडद्यावरील प्रभु आणि दादासाहेब फाळके

महोत्सवाच्या स्मरणिकेंत एखादें संतचरित्र असावें, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. या खेपेस ती रीत बाजूस ठेवून एका हिंदु गृहस्थाचें चरित्र देण्याचें योजिलें आहे, आणि त्यास कारण आहे. या वर्षीं आपल्या मंदिरांत नवे ध्वनिक्षेपक बसले, वेदीच्या बाजूस भिंतीवर पांढरा पडदा लागला, व बिछान्यास खिळलेल्या वृद्धांस घरबसल्या मिस्सा दिसावी म्हणून एक लहानसा कॅमेराहि खांबावर चढला. त्यावरून धर्मग्रामांत दोन तट पडले. तरुणांस वाटतें कीं, हें पुष्कळ पूर्वींच व्हावयास पाहिजे होतें. वडीलधाऱ्यांस वाटतें कीं, देवाच्या घरांत नाटकगृहाचा वास शिरला. दोन्ही पक्षांचे लोक माझ्याकडे येऊन गेले, व दोघांचेंहि म्हणणें मला सर्वस्वीं खोटें वाटलें नाहीं. आपल्या देशांत पडदा व देव यांची गांठ ज्या पुरुषाच्या हातून घट्ट बांधली गेली, त्याची हकीकत दोन्ही पक्षांनीं एकदां वाचावी, म्हणून हा लेख.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर क्षेत्रीं झाला. वडील गोविंद सदाशिव यांस लोक दाजीशास्त्री म्हणत. ते संस्कृताचे पंडित होते. आईचें नांव द्वारकाबाई. घर क्षेत्रांतलें, तेव्हां पूजा, पुराणें, कथाकीर्तन हेंच लहानपणचें वातावरण. पुढें दाजीशास्त्र्यांस मुंबईच्या विल्सन कॉलेजांत संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली व बिऱ्हाड मुंबईस आलें. हें कॉलेज स्कॉटलंडचे मिशनरी जॉन विल्सन यांनीं काढलेल्या शाळेंतून वाढलेलें. त्र्यंबकचा शास्त्री मिशनऱ्यांच्या कॉलेजांत कालिदास शिकवितो, आणि त्याचाच मुलगा पुढें येशूचें चरित्र पडद्यावर पाहून आयुष्याची दिशा बदलतो! त्या काळच्या मुंबईंत अशा गांठी पडत असत.

मुलाचा ओढा शास्त्राध्ययनाकडे नव्हता, हातांच्या कामाकडे होता. १८८५ सालीं ते सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत दाखल झाले व १८९० मध्यें बडोद्याच्या कलाभवनांत गेले. तेथें चित्रकला, छायाचित्रण, ठसे करण्याची विद्या, असें जें जें हातीं लागलें तें तें त्यांनीं शिकून घेतलें. छायाचित्राचा धंदा मांडावा, तर त्या वेळीं लोकांची अशी समजूत कीं, कॅमेऱ्यासमोर बसल्यानें अंगांतील शक्ति ओढली जाते व आयुष्य कमी होतें. आज खेड्यांतलें पोरहि खिशांत कॅमेरा घेऊन हिंडतें, म्हणून या समजुतीस हंसूं नये. यंत्र माणसाचें कांहीं तरी काढून घेतें, ही भीति आजहि आहेच. फक्त तिनें नवीं नांवें घेतलीं आहेत.

१९०० च्या सुमारास प्लेगनें त्यांची पहिली पत्नी व मूल दोन्हीं नेलीं. १९०२ सालीं दुसरा विवाह झाला. या बाईंचें सासरचें नांव सरस्वती. त्यांच्याविषयीं पुढें अधिक सांगावयाचें आहे, कारण चरित्रकार बहुधा त्यांस एका वाक्यांत उरकतात, आणि तें मला अन्यायाचें वाटतें. याच काळांत फाळक्यांनीं जादूचे प्रयोग शिकून घेतले व आपलें आडनांव उलट करून प्रोफेसर केल्फा या नांवानें ते प्रयोग करीत. पडद्यावर माणूस एकाएकीं नाहींसा करणें, देवास आकाशमार्गें उडविणें, या गोष्टी त्यांस पुढें सहज साधल्या, त्याचें मूळ येथें आहे.

१९०३ पासून कांहीं वर्षें ते सरकारच्या पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकार व नक्षेकार होते. ती नोकरी सोडून त्यांनीं लोणावळ्यास ठसे व छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठींहि त्यांनीं काम केलें. पुढें हा धंदा दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नांवानें वाढला, आणि रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं १९०९ मध्यें ते जर्मनीस जाऊन आले. देवाचें चित्र छापून घराघरांत पोहोंचविणें, हें तेव्हां नवीन होतें. त्यापूर्वीं सामान्य माणसास देवाचें दर्शन देवळांत गाभाऱ्याबाहेरून, आणि ज्यांस देवळांत प्रवेशच नव्हता त्यांस तेंहि नाहीं. छापखान्यानें लक्ष्मी व सरस्वती चार पैशांत झोपडींत आणून बसविल्या. आपल्या घरोघरीं भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची जी तसबीर असते, तीहि त्याच प्रकारच्या यंत्राची देणगी होय. तिच्यापुढें गुडघे टेकतांना तिला यंत्रानें छापिलें हें आपल्या मनांतहि येत नाहीं.

भागीदारांशीं न पटल्यामुळें फाळके त्या धंद्यांतून बाहेर पडले. वय चाळिशीचें, हातांत काम नाहीं, घरीं लहान मुलें. अशा स्थितींत १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत सँडहर्स्ट रोडवरील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या चित्रगृहांत त्यांनीं प्रभु येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट पाहिला.

असले चित्रपट त्या काळीं फ्रान्सांत तयार होत. पाथे कंपनीचा एक प्रसिद्ध होता. गोमाँ कंपनीचा १९०६ मधील, ॲलिस गी नांवाच्या बाईंनीं दिग्दर्शित केलेला, पंचवीस दृश्यांचा होता. गव्हाणींतील बाळ, सरोवरावरील शिष्य, क्रूस वाहणारा प्रभु, रिकामी कबर, असें एकामागून एक दृश्य पडद्यावर येई. ज्यांनीं आपल्या मंदिराच्या भिंतीवरील क्रुसाच्या वाटेचीं चौदा चित्रें चाळीस दिवसांच्या उपवासकाळांत पायीं फिरून पाहिलीं आहेत, त्यांस ही रचना ओळखीची वाटेल. भिंतीवरील चित्रांपुढून आपण चालतों. चित्रगृहांत आपण बसून राहतों व चित्रें चालतात, एवढाच भेद.

फाळक्यांनीं तें पाहिलें, आणि येशूच्या जागीं त्यांच्या डोळ्यांपुढें राम व कृष्ण, गोकुळ व अयोध्या उभीं राहिलीं. आपल्या देवांचीं चरित्रें अशीं पडद्यावर कां येऊं नयेत, या एका विचारानें त्यांस झोप येईना. पुढें त्यांनीं स्वतःच ‘नवयुग’ मासिकांत ही सर्व हकीकत लिहिली आहे.

ख्रिस्ती वाचकांपैकीं कांहींस येथें एक मोह होतो. भारतीय चित्रपटाचा जन्म प्रभूच्या चरित्रांतून झाला, असें म्हणून फाळक्यांस आपल्या गोटांत ओढावें असें वाटतें. तो मोह सोडावा. ते जन्मभर आपल्या धर्मांत निष्ठावंत राहिले, आणि येशूचा चित्रपट पाहून अधिकच झाले. परंतु एक गोष्ट मात्र त्यांच्या स्वतःच्या लिखाणावरून स्पष्ट दिसते. दुसऱ्याच्या प्रभूचें चरित्र त्यांनीं टवाळीनें पाहिलें नाहीं, भक्तीच्या डोळ्यांनीं पाहिलें. म्हणूनच त्यांतून त्यांस स्वतःचे देव दिसले.

मग वेडच लागलें. रोज सायंकाळीं तासन्‌तास चित्रगृहांत बसून एकेक फिल्म पाहावी व घरीं येऊन भिंगें, फिती, कात्रणें यांच्याशीं खेळावें, असा क्रम चालला. झोप नाहीं, डोळ्यांस विसांवा नाहीं. अखेर कांहीं काळ दृष्टि गेली. डॉक्टरांच्या उपचारांनीं व नाना चष्म्यांनीं ती परत आली. ज्याला पाहण्याखेरीज दुसरें कांहीं नको होतें, त्याचेच डोळे जावे, हा प्रसंग सरस्वतीबाईंनीं कसा काढला असेल! विम्याचे कागद गहाण टाकून फाळके फेब्रुवारी १९१२ मध्यें लंडनला निघाले. तेथें ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकानें त्यांस आधीं परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, पण त्यांचा निर्धार पाहून पुढें मदत केली. सेसिल हेपवर्थ यांनीं आपलें चित्रालय मोकळेपणीं दाखविलें. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फितीस भोंकें पाडण्याचें यंत्र व कच्ची फिल्म यांची तजवीज करून एप्रिलमध्यें ते घरीं परतले.

पैसे देणारास विश्वास वाटावा म्हणून त्यांनीं एका कुंडींत वाटाण्याचें बीं पेरलें, व तें अंकुरून वेल होईपर्यंत थोड्या थोड्या वेळानें एकेक चित्र घेत गेले. महिन्याभराची वाढ पडद्यावर क्षणांत दिसली. तो लहानसा चित्रपट पाहून पैसे उभे राहिले. उरलेली तूट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनीं भरून निघाली. मोहरीचा दाणा, पेरणारा, आपोआप वाढणारें बीज, हे दाखले शुभवर्तमानांतून आपण दरवर्षीं ऐकतों. त्या बीजाची वाढ डोळ्यांस दिसेल अशी करून दाखविणारा आपल्या देशांतील पहिला मनुष्य हा फाळके होय.

दादरला मथुरा भवन या बंगल्यांत ‘राजा हरिश्चंद्र’ चें काम सुरू झालें. अडचणींस पार नव्हता. तारामतीचें काम करण्यास एकहि स्त्री मिळेना. कलावंतिणींनींहि नकार दिला. शेवटीं ग्रँट रोडवरील एका खाणावळींतील आचारी अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र, आणि फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र रोहिदास. चित्रपटांत काम करतों म्हटलें कीं लोक नांवें ठेवीत, म्हणून आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यांत नोकरीस आहों असें सांगावें, असें नटांस शिकविलेलें असे.

आणि या कारखान्याचा आधार होत्या सरस्वतीबाई. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांनीं करावा. उन्हाचा प्रकाश नटांच्या तोंडावर पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उभें राहावें. रात्रीं मुलें निजल्यावर अंधाऱ्या खोलींत फितीस भोंकें पाडावीं. रसायनें कालवावीं, फिल्म धुवावी. तारामतीचें काम तुम्हींच करा, असें फाळक्यांनीं त्यांस सुचविलें होतें. मग बाकीचें कोण करणार, या विचारानें त्यांनीं तें नाकारिलें. आपल्या धर्मग्रामांतहि पन्नास वर्षांत वेदीचीं वस्त्रें कोणी धुतलीं, सणाचा स्वयंपाक कोणी केला, याची नोंद कोठें नाहीं. या स्मरणिकेंतील छायाचित्रांतहि त्या बाया सांपडणार नाहींत. छायाचित्र काढलें जात होतें तेव्हां त्या चुलीपाशीं होत्या.

चित्रपट ३,७०० फूट लांबीचा, चार रिळांचा झाला. फितीच्या एका फुटांत सोळा चित्रें बसतात, म्हणजे सुमारें साठ हजार लहान लहान चित्रें. प्रत्येक स्थिर, आणि हातानें दांडा फिरवून तीं प्रकाशापुढून पळविलीं कीं राजा चालूं लागतो. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत तो लोकांपुढें आला व अपूर्व चालला. सुरतेंत मात्र पहिल्या दिवशीं गल्ला अवघा तीन रुपयांचा जमला. तेथील लोकांस दोन आण्यांत सहा तास नाटक पाहण्याची संवय. तीन आण्यांत दीड तासाचा खेळ त्यांस परवडेना. तेव्हां फाळक्यांनीं जाहिरात फिरविली कीं, तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रें व दोन मैल लांबीचें चित्र पाहावयास मिळेल. दुसऱ्या दिवशीं गल्ला तीनशें रुपयांवर गेला. चित्रांचा आंकडा बरोबर होता. मैल मात्र थोडे ताणलेले होते. क्षेत्रींच्या माणसास यात्रेकरूचें मन कळतें.

याच सुमारास रोममध्यें एक निर्णय झाला, आणि तो आपल्या आजच्या वादाच्या मुळाशीं आहे. धर्मसभेस कॅमेऱ्याचें वावडें नव्हतें. वयोवृद्ध पोप तेरावे लिओ यांचीं चलच्चित्रें १८९८ सालींच घेतलीं गेलीं होतीं, व त्यांत ते कॅमेऱ्याकडे पाहून आशीर्वाद देतांना दिसतात. युरोपांत कित्येक धर्मगुरु मंदिरांतच पडदा लावून प्रभूच्या चरित्राचे चित्रपट दाखवूं लागले होते. १० डिसेंबर १९१२ रोजीं रोमच्या कन्सिस्टोरियल मंडळानें हुकूम काढून हें बंद केलें. चित्र धार्मिक असो, हेतु चांगला असो, जेथें पवित्र रहस्यें साजरीं होतात तें स्थळ दुसऱ्या कामास लावूं नये, असा त्याचा आशय होता. म्हणजे इकडे दादरला पडद्यावर पुराण उतरविण्याची खटपट चालू असतां, तिकडे रोममध्यें मंदिरांतला पडदा गुंडाळला जात होता.

रोमची भीति खोटी नव्हती, हें पुढें फाळक्यांच्याच यशानें सिद्ध केलें. १९१७ सालीं त्यांचा ‘लंकादहन’ आला. अण्णा साळुंके त्यांत राम व सीता दोन्हीं झाले होते. पडद्यावर राम प्रकट होतांच प्रेक्षक पायांतील वहाणा काढीत, कित्येक लोटांगण घालीत. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत. फाळके फिरतें यंत्र व फितींचे डबे बैलगाडींत घालून गांवोगांवीं गेले. मद्रासेकडे तर गल्ल्याचीं नाणीं बैलगाडींत भरून न्यावीं लागलीं असें सांगतात. चित्रगृहाचें देऊळ झालें! मग देवळाचें चित्रगृह होण्यास कितीसा वेळ? ज्या मंडळानें १९१२ चा हुकूम काढला, त्यास हें प्रकरण ठाऊक नव्हतें. पण चित्रापुढें माणसाचें मन किती मऊ होतें, हें त्यानें बरोबर ओळखिलें होतें. त्याच मऊपणाचा फाळक्यांनीं लोकांस पुराण सांगण्यासाठीं उपयोग केला, आणि रोमनें त्याच्याभोंवतीं कुंपण घातलें. माझ्या मतें दोघांसहि पडद्याची शक्ति सारखीच कळली होती.

आपला मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. मुंबईची नवलाई इकडे उशिरां आली. आली ती बहुधा तंबूंतून. माळेगांवच्या खंडोबाची किंवा लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा पाहिलेल्या वृद्धांस तंबूंतला सिनेमा विचारून पाहावा. आवाजहि असाच दुरून आला. हैदराबादेस १९३५ सालीं निजामाच्या मुलखांतील नभोवाणी सुरू झाली, व तिच्यावर उर्दूबरोबर मराठीहि ऐकूं येई.

आवाजाचा विषय निघाला, तर फाळक्यांच्या उतरत्या काळाचें कारणहि तोच होय. १९१८ सालीं नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. तिच्यांत पैसा दुसऱ्यांचा आणि हट्ट फाळक्यांचा, त्यामुळें खटके उडूं लागले. रागावून ते कांहीं वर्षें काशीस जाऊन राहिले, तेथें ‘रंगभूमि’ हें नाटक लिहिलें, पुन्हां परत आले. इतक्यांत काळ पालटला. १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं मार्कोनी यांनीं उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीवरून पोप अकरावे पायस यांचा आवाज प्रथमच जगभर ऐकूं गेला. आणि त्यानंतर महिन्याभरानें, १४ मार्च रोजीं, मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला. एकाच ऋतूंत धर्मपीठाला व पडद्याला कंठ फुटला. पोपसाहेबांना त्याचा लाभ झाला. फाळक्यांचा मात्र त्यांत घात झाला. मुक्या चित्रांत हावभावांनीं कथा सांगण्याची त्यांची विद्या एका रात्रींत जुनी झाली. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून काढलेला, त्यास मागाहून आवाज चिकटवावा लागला. १९३७ सालीं कोल्हापूरला त्यांनीं ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट केला, तोच शेवटचा.

आपल्या धर्मसभेनेंहि आवाज व चित्र यांत भेद केला, हें येथें सांगितलें पाहिजे. १९३६ मध्यें अकरावे पायस यांनीं चित्रपटांविषयीं एक परिपत्रक काढून त्यांच्या बऱ्यावाईट शक्तीचा विचार केला. बारावे पायस यांच्या कारकिर्दींत, ३ सप्टेंबर १९५८ रोजीं, पवित्र संगीताविषयीं जी सूचना निघाली, तिनें धर्मगुरूचा जिवंत आवाज दूर बसलेल्यांस ऐकूं जावा म्हणून ध्वनिक्षेपकास परवानगी दिली. ग्रामोफोन वा ध्वनिफीत लावून उपासनेंतलें गायन उरकण्यास मनाई केली. आणि मंदिरांत चित्रें फेंकणारें यंत्र कोणत्याहि कारणासाठीं नको, असें पुन्हां बजाविलें. मौज अशी कीं, त्याच वर्षीं असिसीची संत क्लारा ही दूरचित्रवाणीची आश्रयदात्री म्हणून जाहीर झाली. आजारामुळें तिला नाताळच्या रात्रीं मंदिरांत जातां आलें नाहीं, तेव्हां तो विधि तिला आपल्या खोलींतच दिसला व ऐकूं आला, अशी कथा आहे. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं समाजसंपर्काच्या साधनांवर स्वतंत्र हुकूमनामा काढला, व हळूहळू दृष्टि पालटली. २०२० मध्यें साथीच्या टाळेबंदींत मंदिरांचीं दारें लागलीं, तेव्हां नांदेड-लातूरकडील आपलीं कुटुंबें मोबाईल फोन भिंतीस टेंकवून त्याच्यापुढें गुडघे टेकून बसलीं होतीं. २७ मार्च रोजीं दिवंगत पोप फ्रान्सिस पावसांत भिजणाऱ्या रिकाम्या चौकांत एकटे उभे राहिलेले आपण त्याच कांचेवर पाहिले. त्या दिवसांनंतर पडद्यास परका म्हणणें कठीण आहे.

तरी १९५८ च्या सूचनेंतील एक गोष्ट मी सोडणार नाहीं, आणि तरुणांनीं त्याबद्दल रागावूं नये. पडद्यावर गीताचे शब्द दिसूं देत, कारण त्यामुळें अक्षर बारीक म्हणून गप्प बसणारे गातात. परंतु यंत्रांतून तयार गायन लावून आपण ओठ मिटून बसावें, हें आपल्या मंदिरांत होणार नाहीं. वीज गेली तर न गातां मिस्सा होते काय? आपल्याकडे वीज जाते, हें सांगावयास नको. तसेंच खांबावरील कॅमेरा घरच्या आजारी माणसास वेदी दाखवील; ख्रिस्तप्रसाद घेऊन मात्र कोणी तरी त्याच्या उंबऱ्याशीं पायीं गेलें पाहिजे. ज्या घरीं चित्र गेलें, तेथें रविवार संपण्यापूर्वीं माणूसहि जावा, अशी व्यवस्था यंदां केली आहे. ती टिकविणें तुमच्या हातीं आहे.

फाळक्यांचीं शेवटचीं वर्षें नाशिकांत हालाखींत गेलीं. लहानमोठे मिळून शंभरांच्या घरांत चित्रपट काढणाऱ्या या माणसाजवळ उतारवयांत पैसा उरला नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत चित्रपट काढण्यास सरकारी परवाना लागे. चौऱ्याहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांनीं तो मागितला. फेब्रुवारी १९४४ मध्यें नकाराचें उत्तर आलें, आणि १६ तारखेस त्यांनीं देह ठेविला. देशानें त्यांच्या नांवानें चित्रपटसृष्टींतील सर्वोच्च पुरस्कार ठेविला तो १९६९ सालीं, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर.

त्यांच्या बऱ्याच फिती नष्ट झाल्या. त्या काळची फिल्म लवकर पेट घेई व न पेटली तरी सडे. ‘राजा हरिश्चंद्र’ चे कांहीं भाग तेवढे पुण्याच्या चित्रपट संग्रहालयांत शिल्लक आहेत. १९१९ चा ‘कालिया मर्दन’ मात्र पुष्कळसा वांचला आहे, आणि तो जमल्यास अवश्य पाहावा. त्यांत बाळकृष्णाचें काम फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिनें केलें आहे. कथा सुरू होण्यापूर्वीं पडद्यावर नुसता त्या मुलीचा चेहरा येतो. ती हंसते, रागावते, घाबरते, पुन्हां हंसते. बराच वेळ तिचे हे हावभावच आपण पाहतों. ही एक साधी मुलगी आहे हें प्रेक्षकांस पुरतें दाखवून झाल्यावर तोच चेहरा हळूहळू विरतो, त्याच्या जागीं मोरपीस लावलेला कृष्ण उमटतो, आणि मग गोकुळांतला खेळ सुरू होतो.